बीजीपी अपडेट वाढत आहेत, पण राउटर नेमका कशाने दमतो?

दोन अपस्ट्रीमकडून (वरच्या इंटरनेट सेवादात्यांकडून) पूर्ण राउटिंग टेबल, म्हणजे इंटरनेटवरील मार्गांची संपूर्ण यादी, घेणाऱ्या आपल्या राउटरचा सीपीयू दिवसातून अनेकदा शंभर टक्क्यांना भिडतो आणि बीजीपी अपडेटचे, म्हणजे जाळी एकमेकांना मार्गांतील बदल कळवतात त्या संदेशांचे, आकडे वर्षागणिक चढत आहेत. तेव्हा फ्लॅप डॅम्पिंग (वारंवार बदलणारे मार्ग काही काळ दडपणे) सुरू करावे की थेट मोठा राउटर घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. इंटरनेटवरील अपडेटची एकूण वाढ हे या दुखण्याचे कारण असण्याची शक्यता कमी आहे. राउटरला दमवतात त्या अपडेटच्या अचानक येणाऱ्या लाटा, आणि त्यांतील बऱ्याचशा लाटा जवळच, अनेकदा आपल्याच जाळ्याच्या रचनेत, उठतात.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. टेबलाचा आकार हा एक भार आहे आणि टेबलातील बदलांचा वेग हा दुसरा. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरात अनेक राउटर कोलमडले, ते पहिल्या भारामुळे. आयपीव्ही४च्या (इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीच्या) नोंदी पाच लाख बारा हजारांच्या आसपास पोहोचल्या आणि जुन्या राउटरांच्या टीकॅममध्ये (मार्ग शोधणाऱ्या वेगवान हार्डवेअर मेमरीत) आयपीव्ही४साठी राखलेली जागा संपली. उरलेल्या रूटवरचे पॅकेट हार्डवेअरऐवजी सीपीयूकडे जाऊ लागले. टीकॅमची वाटणी बदलून राउटर पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याच ठिकाणी काम भागले. अपडेटचा वेग त्या दिवशी मुख्य आरोपी नव्हता, तरीही दोन्ही प्रश्न एकाच नावाने चर्चिले जातात आणि उपाय चुकतो.

आता बदलांच्या वेगाकडे येऊ. ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने ॲमस्टरडॅममध्ये राउटिंगच्या वाढीवर कार्यशाळा घेतली, तेव्हा टेबल आणि अपडेट दोन्ही हार्डवेअरच्या प्रगतीला मागे टाकतील ही भीती खरी होती. टेबल खरोखरच वाढले. २००१ च्या सुमारास एक लाख असलेल्या आयपीव्ही४च्या नोंदी आता दहा लाखांच्या घरात आहेत. अपडेट मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत, हे आशिया-पॅसिफिकमध्ये इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचे जेफ ह्यूस्टन अनेक वर्षांच्या मोजमापांतून दाखवत आले आहेत. याचे एक कारण जाळ्याच्या घडणीत आहे: नवी जाळी एकमेकांना अधिक जवळून जोडली गेली, त्यामुळे एएस पाथची (मार्गात लागणाऱ्या जाळ्यांच्या साखळीची) सरासरी लांबी फारशी वाढली नाही. दुसरे असे की अपडेटचा मोठा हिस्सा मोजक्याच अस्थिर प्रिफिक्सकडून (पत्त्यांच्या गटांकडून) येतो आणि बहुसंख्य प्रिफिक्स दिवसेंदिवस शांत असतात.

एका सेशनवर (शेजारच्या राउटरशी असलेल्या बीजीपी जोडणीवर) दिवसाला तीन लाख अपडेट येतात असे धरले, तरी सरासरी सेकंदाला साडेतीनच पडते. आजच्या कोणत्याही राउटरला हे ओझे नाही. पण बीजीपी सरासरीने चालत नाही. एखादे सेशन तुटून पुन्हा जुळले की समोरचा राउटर दहा लाख नोंदी एकदम ओततो, आणि त्या प्रत्येक नोंदीला आपले फिल्टर, सर्वोत्तम मार्गाची निवड, हार्डवेअरमधील नोंद आणि पुढच्या पीअरना (शेजारी राउटरांना) करायची घोषणा या सगळ्यांतून जावे लागते. याच वेळी सीपीयू इतका गुंतला की कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ असे संदेश) वेळेवर निघाले नाहीत, तर होल्ड टायमर (त्या संदेशांची वाट पाहण्याची मुदत) संपून दुसरे सेशनही पडते आणि लाटेतून लाट उठते. आपल्या लॉगमध्ये होल्ड टायमर संपल्याच्या नोंदी सीपीयूच्या चढाशी जुळतात का, हे सर्वांत आधी पाहावे.

प्रोटोकॉलचा स्वतःचा स्वभावही भर घालतो. एखादा प्रिफिक्स नाहीसा झाला की राउटर लगेच हार मानत नाही. तो शिल्लक राहिलेले, बहुधा आधीच बाद झालेले, लांबचे मार्ग एकेक करून पुढे करतो, आणि एका घटनेतून दूरवर डझनभर अपडेट दिसतात. संशोधक लाबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की अशी स्थिती शांत व्हायला कित्येक मिनिटे लागू शकतात. दोन घोषणांमध्ये किमान अंतर ठेवणारा टायमर, ज्यासाठी प्रमाणग्रंथात बाह्य पीअरकरिता ३० सेकंद सुचवले आहेत, हा गोंगाट कमी करतो. पण चांगली बातमीही तितकीच उशिरा पोहोचते, म्हणून काही उत्पादकांनी तो मुळात शून्यच ठेवला आहे.

निव्वळ निरर्थक अपडेट हा आणखी एक जुना आजार आहे. याच संशोधकांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील विनिमय केंद्रांवरची नोंद तपासली, तेव्हा टेबलात पन्नास हजारांहून कमी प्रिफिक्स असताना दिवसाला तीस ते साठ लाख बदल वाहत होते आणि त्यांतील सुमारे ९९ टक्के बदलांनी मार्गात काहीच फरक पडत नव्हता. मुख्य दोष एका सॉफ्टवेअर रचनेत सापडला: कोणत्या पीअरला आपण काय सांगितले होते हे राउटर लक्षातच ठेवत नव्हता, म्हणून कधीही न सांगितलेले रूट तो सर्वांकडून मागे घेत होता. ते सुधारले गेले. तरी सौम्य रूपात हा प्रकार आजही आहे. आतल्या जाळ्यात मेड किंवा क्लस्टर लिस्ट (रूटला जोडलेली आतल्या वापराची माहिती) बदलली की ती माहिती बाहेर जात नसतानाही बाहेरच्या पीअरला शब्दशः तोच अपडेट पुन्हा जाऊ शकतो. एखादी डळमळती आंतरिक लिंक बाहेर किती आवाज करते, याची कल्पना तिच्या मालकाला क्वचितच असते.

फ्लॅप डॅम्पिंगबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: जुन्या मूळ सेटिंगवर ते सुरू करू नका. १९९८ मध्ये प्रमाणित झालेली ही युक्ती वारंवार डुलणाऱ्या रूटला दंड देऊन काही काळ गप्प बसवते. परंतु वर सांगितलेल्या मार्गशोधामुळे, एकदाच पडून उठलेला निर्दोष रूटही दूरच्या राउटरला अनेक वेळा डुलल्यासारखा दिसतो आणि तासभर गायब होऊ शकतो, हे २००२ च्या अभ्यासाने सिद्ध केले. युरोपातील नेटवर्क चालकांच्या राइप या मंचाच्या कार्यगटाने २००६ मध्ये डॅम्पिंग वापरूच नये असा सल्ला दिला, नंतर २०१३ मध्ये रूट दडपण्यासाठी लागणाऱ्या दंडगुणांचा उंबरठा बराच वाढवून वापरण्यास हरकत नाही असे म्हटले. आरएफसी ७१९६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) दडपणाचा उंबरठा किमान ६००० ठेवण्यास सांगितले आहे, तर प्रचलित मूळ सेटिंगमध्ये तो २००० किंवा ३००० असे. ६००० च्या वर ठेवला, तर फक्त खरोखरचे उपद्रवी प्रिफिक्स अडकतात, आणि मोठा वाटा त्यांचाच असल्यामुळे लाभही बऱ्यापैकी मिळतो.

आपण आरपीकेआय पडताळणी (रूट जाहीर करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, याची तपासणी) चालू केली असेल, तर आणखी एक जागा तपासावी. पीअरकडून आलेले मूळ रूट मेमरीत न ठेवणारा राउटर पडताळणीची माहिती बदलली की पीअरकडे रूट रिफ्रेश मागतो, म्हणजे पुन्हा संपूर्ण टेबल. ही माहिती दिवसभर बदलत असल्यामुळे पुनरावृत्तीही दिवसभर चालते. आरएफसी ९३२४, जे २०२२ मध्ये आले, नेमके हेच टाळण्यासाठी आलेले रूट साठवून ठेवायला सांगते. थोडी मेमरी खर्ची पडते, पण सीपीयूच्या तुलनेत मेमरी वाढवणे केव्हाही सोपे.

सीपीयू क्षणभर शंभर टक्के होणे हा स्वतःहून बिघाड नव्हे. मोकळा सीपीयू वापरून काम लवकर संपवणे हे राउटिंग प्रक्रियेचे कर्तव्यच आहे, आणि काही जुन्या प्रणालींत दर मिनिटाला टेबल चाळणारी प्रक्रियाच असा चढ दाखवते. सेशन टिकतात का आणि सेशन परत आल्यावर टेबल किती वेळात हार्डवेअरमध्ये उतरते, हे दोन आकडे मी पाहीन. त्यानंतर आयात फिल्टरमधील एएस पाथवरचे लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवणारे नमुने) काढून प्रिफिक्स लिस्ट वापराव्यात, प्रत्येक पीअरवर कमाल प्रिफिक्सची मर्यादा घालावी आणि बीएफडीचे (लिंक तुटल्याचे चटकन ओळखणाऱ्या यंत्रणेचे) टायमर लिंकच्या कुवतीपेक्षा अधीर नाहीत ना, हे पाहावे.

दोनच अपस्ट्रीम असताना दोन्हींकडून पूर्ण टेबल हवेच का, हाही प्रश्न स्वतःला विचारा; एकाकडून डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पॅकेटसाठीचा एकच मार्ग) आणि दुसऱ्याकडून फक्त त्याच्या ग्राहकांचे रूट घेतल्याने बहुतेकांची गरज भागते. एवढे करूनही राउटर बदलावा लागलाच, तर माहितीपत्रकातील आयपीव्ही४च्या क्षमतेवर विसंबू नका. आयपीव्ही६चे (नव्या पत्तापद्धतीचे) टेबल दोन लाखांच्या पुढे गेले आहे आणि अनेक राउटरांत त्याची एक नोंद टीकॅममध्ये दोन नोंदींची जागा घेते, म्हणून दोन्ही टेबल एकाच वेळी भरलेली असताना किती जागा उरते, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.