मंचाविना बहरलेली कारकीर्द

प्रश्न : फ्रेंच गायिका फ्रान्स्वाझ आर्दी यांनी ऐन प्रसिद्धीत जाहीर मैफली थांबवल्या. त्यामुळे त्यांची कारकीर्द खुंटली का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : मुळीच नाही. १९६२ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, सगळी मुलेमुली जोडीने हिंडत असताना आपण एकटेच आहोत, ही खंत सांगणाऱ्या स्वरचित गाण्याने त्या फ्रान्सभर पोहोचल्या. मंचावर उभे राहण्याची धास्ती मात्र त्यांच्या मनातून कधीच गेली नाही आणि १९६८ मध्ये त्यांनी मैफली सोडल्या. आपल्या दशावतारी कलावंताला रंगमंचापासून दूर राहून नाव टिकवता येत नाही. आर्दी यांना ती मुभा ध्वनिमुद्रणाने दिली. ब्राझीलच्या तुका या गिटारवादक गायिकेच्या साथीने १९७१ साली केलेला ‘ला केस्तियों’ हा अल्बम मला त्यांचे सर्वोत्तम काम वाटतो, कारण त्यात मोजक्या वाद्यांमुळे त्यांचा हळुवार, जवळजवळ कुजबुजता आवाज अगदी जवळून ऐकू येतो आणि उदासी कुठेही रडवी होत नाही. आपण तेथूनच ऐकायला सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे दीर्घ आजारातही त्या गात राहिल्या. शेवटचा अल्बम २०१८ साली आला आणि जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.