सांगे तालुक्यातल्या आमच्या गावात जुनी 'कोळशाची खाण' होती म्हणतात. गोव्यात खरंच कोळसा निघायचा का?

नाही, गोव्यात दगडी कोळशाची खाण कधीच नव्हती. तुमच्या गावातली ती खाण बहुतेक मँगनीजची असणार. कारण भूगर्भाचं आहे. भारतातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवाना थरांत, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडापाल्यापासून तयार झाला. गोव्याचे बहुतेक खडक धारवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातले, दोनशे कोटी वर्षांहून जुने. तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती, मग कोळसा होणार कशाचा? सांगे-केपे पट्ट्यात, विशेषतः रिवण भागात, पोर्तुगीज काळापासून मँगनीज काढलं जायचं. त्याचा दगड काळा, हाताळला की बोटं काजळी लागल्यासारखी होतात, म्हणून कोळसा वाटणं अगदी साहजिक आहे. ओळखायची खूण सोपी: मँगनीजचा मुठीएवढा तुकडा उचलला तर हात खाली ओढला जातो, तेवढाच कोळसा खूपच हलका लागतो. शिवाय मँगनीज चुलीत घातलं तर पेटत नाही.

एक मात्र खरं, शेजारच्या रत्नागिरीत जांभ्याच्या खाली लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाचे, पातळ थर सापडलेत, त्यामुळे 'कोकणात कोळसा नाहीच' असं सरसकट म्हणू नये. मुरगाव बंदरात दिसणारे कोळशाचे ढीग मात्र बाहेरून जहाजांनी आलेले असतात, तिथून ते मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातात.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा: तो दगड जाळायचे, की बंदराकडे पाठवायचे?