प्लास्टिकचे डबे काढलेत, ठीक. आता चहासोबतची खारी बघू

डिटॉक्सचं आधी सांगते, म्हणजे पैसे तरी वाचतील. तो साडेसहा हजारांचा 'हार्मोन डिटॉक्स' संच घेऊ नका.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात: ताईंना पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोन-विकार) आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, चार वर्षांत नऊ किलो वजन वाढलंय. 'जेवण तर घरचंच असतं', त्यामुळे संशय प्लास्टिकमधल्या रसायनांवर. डबे भंगारात गेले, नॉनस्टिक तवाही गेला, आणि आता ओळखीतलं कुणीतरी रसायनं शरीराबाहेर काढणारं चूर्ण गळ्यात मारतंय.

चूर्ण का नको? कडक प्लास्टिकमध्ये आणि टिनच्या डब्यांच्या अस्तरात असणारं बीपीए हे रसायन पोटात गेलं तरी बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट्सही तसेच. अडचण एवढीच की ते रोज नव्याने आत येतात. उलट पीएफएएस गटातली रसायनं, म्हणजे पाणी आणि तेल चिकटू न देणारी, त्यातली काही रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम करतात आणि कुठल्याही चूर्णाला दाद देत नाहीत. जे आपोआप जातं त्याला चूर्ण लागत नाही, जे जात नाही त्यावर ते चालत नाही. मग साडेसहा हजार कशाचे?

पण तुमचा मूळ संशय खुळा नाही. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन घालत असत. त्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि २००८पासून त्या रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रून आणि ब्लूमबर्ग या संशोधकांनी दाखवलं की गाभण उंदरिणीला हेच रसायन दिलं तर पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठते. कारणही सापडलं. कोवळ्या पेशीने चरबीची पेशी व्हायचं की नाही, हे पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर) बरंचसं ठरतं त्यालाच हे जाऊन चिकटतं. अशा रसायनांना त्यांनी 'ओबेसोजेन', म्हणजे लठ्ठपणा आणणारी, म्हटलं.

माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा एवढा घट्ट नाही. बरेचसे अभ्यास 'ज्यांच्या लघवीत बीपीए जास्त, त्यांचं वजन जास्त' अशा धर्तीचे असतात. गोम अशी की टिनमधलं आणि पाकिटातलं जास्त खाणाऱ्याच्या लघवीत बीपीए जास्त सापडणारच, आणि त्याचं वजनही जास्त असणार. कशामुळे काय झालं, ते सुटत नाही. मला त्यातल्या त्यात विचार करायला लावणारा अभ्यास अमेरिकेतला, २०१८चा. डाएट करणाऱ्यांचं वजन सगळ्यांचं साधारण सारखंच उतरलं. पण सुरुवातीला ज्यांच्या रक्तात पीएफएएस जास्त होतं त्यांचं, विशेषतः बायकांचं, नंतर जास्त परत चढलं. नुसतं पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तीही त्यांची जास्त घटली होती. यावरून शंभर टक्के काही सिद्ध होत नाही, पण कानाडोळा करण्यासारखंही नाही.

नियम करणारेही हळूहळू कडक होत चाललेत. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए चालणार नाही, असं आपल्याकडचं मानक २०१५पासून सांगतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. आणि 'बीपीए-फ्री' लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नका. पुष्कळदा आत त्याचाच भाऊ बीपीएस असतो, आणि त्याचे गुण फारसे वेगळे नाहीत.

आता घरापुरतं. कोरडे पोहे, डाळ, रवा प्लास्टिकच्या बरणीत असेल तर मी झोप उडवून घेणार नाही. रसायन सुटतं ते उष्णतेने, तेलाने, आंबटाने आणि वेळेने. हे चारही एकत्र कुठे येतात? हॉटेलच्या पार्सलमध्ये. उकळतं सांबार पातळ पिशवीत ओततात, वर दोऱ्याची गाठ मारतात, आणि ते अर्धा तास स्कूटरच्या हुकला लटकत घरी येतं. पिशवी इतकी मऊ झालेली असते की सोडताना बोटाला चिकटते. ऑफिसात पिशवीतून येणारा कटिंगही त्याच जातीचा. स्टीलचा डबा घेऊन जा. हॉटेलवाला पहिल्यांदा बघतो, नंतर सवय होते. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनीमाती, 'मायक्रोवेव्ह-सेफ' प्लास्टिक नको, कारण तो शिक्का मुख्यतः भांडं वितळणार नाही एवढ्यापुरता असतो. दुकानाच्या गुळगुळीत थर्मल बिलावर बीपीए भुकटीसारखं मोकळं असू शकतं, आणि सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने बिल धरलं तर ते कातडीतून जास्त शिरतं. बिल नकोच म्हणा. तवा काढलात ते असू दे, बिडाच्या तव्यावर डोसे चांगलेच होतात. (वर्तमानपत्रावर भजी हा वेगळा विषय. २०१८च्या नियमांत त्याला बंदी आहे, पण गाडीवाल्यांना कोण सांगणार!)

एवढं केलंत की रसायनांचं तुमच्या हातातलं काम जवळपास संपलं. आता ज्या खाण्याला तुम्ही प्रश्नात अर्धी ओळ दिलीत तिकडे येते. सकाळी चहा-खारी, अकराला चहा-बिस्किटं, संध्याकाळी फरसाण, गुरुवार आणि चतुर्थीला साबुदाणा. ताई, हे घरात खाल्लेलं आहे, घरचं नाही. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि उपवास म्हणून आपण त्याचा पसरट डोंगर घेतो.

यात हार्मोन कुठे आले, तर सगळीकडेच. असं खाणं दिवसातून चार-पाचदा झालं की इन्सुलिन खाली यायला उसंतच मिळत नाही. इन्सुलिन चढं राहिलं की अंडाशय टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतं, आणि ते बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी सोडतं. पाळी लांबणं, हनुवटीवरचे केस, पोटाचा घेर यांच्या मागे बऱ्याच जणींत हीच साखळी असते. भुकेचं बघायचं तर २०१९मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वीस जणांना महिनाभर दाखल करून ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात ठेवलेले उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखे, हवं तेवढं खा. पाकीटबंदवर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि जवळपास एक किलो वाढली. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं, आणि भूक लावणारं घ्रेलिन हार्मोनही खाली आलं. दोन आठवड्यांत एवढा फरक मला रसायनांच्या एकाही अभ्यासात दिसलेला नाही.

'मी तर जाड दिसत नव्हते' असंही लिहिलंयत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४चा फोटो बघा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली घडणच अशी, म्हणून काट्याऐवजी टेप वापरा. बायकांनी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत ठेवायची.

सुरुवात न्याहारीपासून करा. खारीच्या जागी मुगाचं धिरडं, मोडाची उसळ किंवा दोन अंडी. उपवासाला वरीसोबत दाण्याची आमटी आणि ताक. पीसीओडीत वजनाच्या पाच-दहा टक्के उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी रांगेला लागते. थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. रात्री दीडपर्यंत मोबाइल बघता म्हणालात, हेही भुकेच्या हार्मोनांचंच प्रकरण आहे, पण ते तुम्हालाही माहीत आहे.

सासूबाईंची शंका राहिली, म्हशीला पान्हा सोडण्यासाठी दिलेल्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनमुळे मुलीचं दूध बंद करावं का. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी असते, पोटात इतर प्रथिनांसारखीच पचते. जनावरावर तो जुलूम आहे आणि बेकायदेशीरही, पण त्यासाठी दूध तोडू नका.

पुढच्या वेळी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि कंबरेचं माप इथे टाका. नुसत्या वजनावरून मला यापुढे काही बोलता येणार नाही, आणि गोळीचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.