कोणता खंड, कोणता शब्द

प्रिय पोरी,

परवा तुला फाटकापर्यंत सोडायला आलो, तेव्हा जाता जाता तू म्हणालीस, "काका, सारं आधीच ठरून राहते. मग आमदाराला टिपण देऊन फायदा काय?" मी चिडलो आणि काहीतरी तोडून बोललो. रात्री झोप आली नाही. म्हणून हे पत्र.

प्रेक्षक गॅलरीतून तू पाहिलंस ते खरंच आहे. बाहेर घोषणा, आत गोंधळ आणि त्या गोंधळात "खंड २ ते ११ विधेयकाचे भाग व्हावेत" एवढं वाचलं गेलं. होयवाल्यांचा आवाज मोठा होता. संपलं. तुझ्या चौदा पानांच्या टिपणातला शेवटचा परिच्छेद तेवढा आमदारसाहेबांनी भाषणात घेतला, बाकीची पानं आमदार निवासातल्या टेबलावर राहिली. राग यायलाच हवा. पण ती चौदाही पानं मी वाचली आहेत. त्यांत अन्याय आहे, लोकशाही आहे, विदर्भाचा अनुशेष आहे. खंडाचा, म्हणजे विधेयकातल्या कलमाचा, क्रमांक मात्र एकदाही नाही.

कोणता खंड? त्यातला कोणता शब्द? त्या जागी कोणता शब्द हवा? एवढं तीन ओळींत लिहून दिलं असतंस, तर आमदारांना ते दुरुस्ती म्हणून विधिमंडळ सचिवालयात देता आलं असतं. चौदा पानांचं ते काय करणार होते? भाषणच करणार.

हे मी तुला एवढ्या अधिकाराने सांगतो, कारण याची किंमत मी मोजली आहे. खरं म्हणजे मी नाही, दुसऱ्यांनी मोजली. तीसेक वर्षांपूर्वी असंच एक विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आलं होतं. जमिनीचा विषय होता. आम्ही चार तालुक्यांतून माणसं आणली. डिसेंबरच्या थंडीत बायाबापड्या यशवंत स्टेडियमपासून चालत मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर येऊन बसल्या. निवेदन घ्यायला एक आमदार बाहेर आले. भला माणूस. त्यांनी कागद वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "वकीलसाहेब, नेमकं कोणत्या खंडात काय बदलू? संध्याकाळपर्यंत लिहून द्या, मी देतो." मी ताठ्यात म्हणालो, "ते तुमचं काम आहे. लोकांचं म्हणणं आम्ही सांगितलं."

विधेयक माझ्या पिशवीत होतं. मी ते वाचलं नव्हतं.

नंतर वाचलं. हरकत घ्यायला तीस दिवस दिले होते, "प्रसिद्धीच्या दिनांकापासून". तिथे "नोटीस मिळाल्याच्या दिनांकापासून" एवढंच घालायचं होतं. त्या सरकारलाही ते कदाचित जड गेलं नसतं. पण मागितलंच नाही कोणी. पुढच्या उन्हाळ्यात एक म्हातारा नोटीस घेऊन माझ्या ओसरीवर आला. राजपत्रात छापून आल्याला सत्तेचाळीस दिवस झाले होते, त्याच्या हातात कागद पडून चार. टी-पॉइंटवर तो माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याला काय सांगितलं, ते तुला लिहवत नाही.

त्यानंतर मी मोर्चे काढणं सोडलं आणि विधेयकं वाचायला लागलो. सोबतचे लोक म्हणाले, हा थकला. कोणी म्हणालं, विकला गेला. एकदोघे अजून बोलत नाहीत माझ्याशी. मी थकलो नव्हतो. पेन्सिल घेऊन खंडामागून खंड वाचणं, जुन्या कायद्याशी ताडून पाहणं, रात्री अकराला आमदार निवासात जाऊन सहीसाठी थांबणं, हेही आंदोलनच आहे. त्यात फोटो निघत नाही, एवढंच. आणि मोर्चाला मी कमी लेखतो असं समजू नकोस. लोकांनी पायाखाली रस्ता घेतल्याशिवाय आतल्यांना ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ऐकू आल्यावर त्यांनी लिहायचं काय?

सीताबर्डीच्या गोवारी उड्डाणपुलावरून तू रोज जातेस. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना विधानभवनाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव गेले. बाया होत्या त्यांत, लहान लेकरं होती. मागणी कशाबद्दल होती? अनुसूचित जमातींच्या यादीतल्या "गोंड गोवारी" या नोंदीबद्दल. ही वेगळी जमात, की गोवारीच? २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन शब्दांच्या एका नोंदीवर एका समाजाच्या पिढ्या टांगून राहिल्या. मला कोणी म्हटलं की शब्दाने काय होते, तर मी त्याला गोवारींच्या स्मारकापाशी घेऊन जातो.

आता तुझा दुसरा प्रश्न. दुरुस्ती दिली तरी ती फेटाळणारच ना? हो, बहुतेक वेळा फेटाळतील. मग?

ह. वि. कामत हे नाव तू ऐकलं नसशील. सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंसोबत गेलेला माणूस. संविधान सभेत ते मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेले, म्हणजे आपल्या नागपुरात भरणाऱ्या विधानसभेने त्यांना निवडून पाठवलं. ते दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या देत राहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर ते तुटून पडले. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग रोखता येईल अशी तरतूद मंजूर झाली, त्या दिवसाला त्यांनी सभागृहात लाजेचा आणि दुःखाचा दिवस म्हटलं. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हतं. तरतुदी राहिल्या, "अंतर्गत अशांतता" हे शब्दही राहिले आणि १९७५ ला त्याच शब्दांवर आणीबाणी आली. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून तिथे "सशस्त्र बंड" हे शब्द घातले. जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाणं आणीबाणीतही थांबवता येणार नाही, असं लिहिलं. कामत तेव्हा होशंगाबादहून लोकसभेत निवडून आलेले होते. एकोणतीस वर्षं, पोरी. तुला एका अधिवेशनात निकाल हवा आहे.

मसुदा समितीने कामतांच्या कितीतरी सूचना नाकारल्या. तरी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी कामतांचं आणि आपल्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांचं नाव घेऊन सांगितलं की, मी या सूचना स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. त्याच भाषणात आकडे आहेत: सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा आठ महिने लोकांपुढे होता. देश नुकताच फाटला होता, तरी त्यांनी वेळ काढला. आज कायद्याच्या मसुद्यावर लोकांना किमान ३० दिवस द्यावेत असं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं. पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे घाईत ते सहज बाजूला पडतं. यावर तू लढ. पण तिथेही मला विचारशील तर मी हेच विचारीन: कोणत्या नियमात, कोणत्या शब्दांत?

दार उघडं होतं तेव्हा आपण काय केलं, तेही पाहा. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच अधिवेशनात मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. सूचना आल्या १२ हजारांवर. माझी दीड पानाची होती, तीन खंडांवर. तुमच्या गटाने सह्यांची मोहीम काढली, चांगलं केलं. मी तेव्हाच म्हणालो होतो की वर एक पान जोडा. कोणी जोडलं नाही.

रागावलो वाटतं पुन्हा. तुझ्यावर नाही गं. तुझ्यात मला तो पिशवीत विधेयक न वाचता ठेवणारा माणूस दिसतो आणि मग माझा तोल जातो.

रविवारी सकाळी ये. येताना महालातून तर्री-पोहे आण, आणि विधेयकाची छापील प्रत, मोबाइलवरची नको. विधान परिषदेत ते मंगळवारी आहे, म्हणजे सोमवारी दुरुस्ती द्यावी लागेल. मी खंड ७ पर्यंत आलो आहे. त्याच्या दुसऱ्या ओळीत "शक्य असल्यास" असे शब्द आहेत. ते पाहून ठेव.

तुझा,
काका