हिरवे पाणी : शेवाळ की वनस्पतिप्लवक?

रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदाराने विचारले आहे की, उन्हाळ्यात शेततळ्याचे पाणी हिरवे होते आणि ठिबकचा फिल्टर चोक होतो, त्याला गावात सगळे शेवाळ म्हणतात. मुलीच्या पुस्तकात मात्र ‘वनस्पती प्लवक’ असे आहे. दोन्ही एकच का, आणि हा शब्द जोडून लिहावा की तोडून?

दोन्ही एकच नव्हेत. संस्कृत ‘शैवाल’वरून आलेला ‘शेवाळ’ हा शब्द बोलताना आपण बहुधा कशाला तरी धरून वाढणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो: शेवाळलेला घाट, शेवाळावरून घसरलेला पाय. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर हाताला बुळबुळीत लागते ते शेवाळ. त्याच तळ्यातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले, तर तंतू किंवा गोळा न दिसता सगळे पाणीच फिकट हिरवे दिसते. तो रंग डोळ्यांना सुटे न दिसणाऱ्या ज्या जीवांचा असतो, ते वनस्पतिप्लवक.

‘प्लवक’ हा शब्द ‘प्लु’ म्हणजे तरंगणे, पोहणे या धातूपासून झाला असून ‘प्लव’ म्हणजे तराफा. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी 1887 मध्ये याच जीवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द योजला, तो ‘भटकणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ध्वनी जुळत असला तरी धातू वेगळे आहेत. तराफ्याचा अर्थ मला येथे फार नेमका वाटतो, कारण हे जीव प्रवाह नेईल तिकडे जातात. म्हणूनच ‘प्लवक’ हे कुळाचे नाव नसून राहणीचे नाव आहे: शास्त्राने जीवाणूंत गणलेले नील-हरित जीवही त्यात येतात. त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळे वारा पडला की ते वर येऊन पाण्यावर सायीसारखा थर धरतात.

याउलट डायाटम हे एकपेशीय वनस्पतिप्लवक जड असतात, कारण त्यांचे कवच सिलिकाचे असते. पाणी घुसळत राहिले तरच ते उजेडात टिकतात. कवचाचे दोन भाग डबी आणि झाकणासारखे एकमेकांत बसतात, म्हणून मराठीत त्यांना ‘करंडक’ म्हटले गेले. कुंकवाचा करंडा पाहिलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परिभाषा अशी असावी.

राहणीचा हा अर्थ तापीकाठी नीट दिसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असल्याने उजेड खोल पोहोचत नाही आणि वाढण्याआधीच जीव वाहून जातात. पूर ओसरून हतनूर धरणाच्या भिंतीमागे पाणी थांबले व निवळले की त्यांना वाढायला वेळ मिळतो. शेततळ्यात तर पाणी उभेच असते, त्यात ऊन आणि खतांतून आलेले नत्र-स्फुरद. पुढे तापी ज्या अरबी समुद्राला मिळते, तेथे नैर्ऋत्य मोसमी वारे काही किनाऱ्यांलगत खालचे पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर आणतात आणि प्लवक बहरतात. पृथ्वीवरील सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण हे जीव करतात, आणि त्यांचे वस्तुमान सर्व वनस्पतींच्या एक टक्क्याच्या आसपासच भरते.

हिंदीतला ‘पादपप्लवक’ हल्ली मराठी लेखांतही दिसतो. तो घेऊ नये, असे माझे मत आहे. ‘पादप’ म्हणजे पायांनी, म्हणजेच मुळांनी पिणारा, आणि या जीवांना मुळेच नसतात. ‘वनस्पती’चा मूळ अर्थही वनाचा स्वामी असा आहे खरा, परंतु मराठीत ती व्युत्पत्ती आता कोणाला जाणवत नाही.

लेखनाविषयी: हा समास आहे, म्हणून शब्द जोडूनच लिहावा. एकटा ‘वनस्पती’ दीर्घान्त लिहितात. समासात तो पहिला आला की ‘ति’ ऱ्हस्व होतो, जसे ‘बुद्धी’चे ‘बुद्धिमत्ता’. तेव्हा ‘वनस्पतिप्लवक’, आणि त्याच्यावर जगणारे ते ‘प्राणिप्लवक’. फिल्टरच्या जाळीत मात्र कागदावरून सुटलेले शेवाळ आणि प्लवक एकत्रच येऊन बसतात, त्यामुळे तो धुताना ‘शेवाळ काढतो’ म्हणण्यात काहीही चूक नाही.