‘लॉडी मिस क्लॉडी’चा पियानो ओळखीचा का वाटतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन गायक लॉइड प्राइसच्या ‘लॉडी मिस क्लॉडी’ या गाण्यातला पियानो, गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोच्या ‘द फॅट मॅन’ या गाण्यासारखाच का वाजतो, ही उचलेगिरी तर नाही ना? मुळीच नाही. तिथे पियानोवर खुद्द डॉमिनोच बसलाय!

रेकॉर्डिंग झालं १३ मार्च १९५२ रोजी, न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या जे अँड एम स्टुडिओत. स्टुडिओ कसला, रॅम्पार्ट आणि डुमेन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानामागची एक खोली. ‘द फॅट मॅन’सुद्धा डिसेंबर १९४९ मध्ये इथेच झालं होतं. त्याचं यश बघूनच लॉस एंजेलिसच्या स्पेशल्टी या रेकॉर्ड कंपनीचे आर्ट रूप या शहरात नवे आवाज शोधायला आले आणि त्यांना केनर गावचा १९ वर्षांचा प्राइस सापडला. साथीला बँडप्रमुख डेव्ह बार्थोलोम्यूची मंडळी, म्हणजे डॉमिनोच्या मागे वाजवणारीच. ड्रमवर अर्ल पामर. ठरलेल्या पियानोवादकाकडून बार्थोलोम्यूला हवं ते निघेना. तेवढ्यात डॉमिनो तिथे आला आणि वाजवायला बसला. त्याचा करार इम्पीरियल या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी, त्यामुळे या रेकॉर्डच्या लेबलवर त्याचं नाव नाही.

राहिली चाल. ती डॉमिनोचीही नाही. पियानोवादक चँपियन जॅक डुप्रीचं ‘जंकर ब्लूज’ ऐका: आठ बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक गट) तेच आवर्तन. न्यू ऑर्लिन्सच्या पियानोवाल्यांमध्ये ही चाल सगळ्यांचीच होती. एकच बंदिश चार गवई गातात तशी. प्राइसचं स्वतःचं म्हणाल तर शब्द आणि आवाज. शीर्षकाचे शब्द मात्र त्याने रेडिओवरच्या ओकी डोकी स्मिथच्या तोंडून उचलले. तो जाहिराती वाचताना ते आरोळीसारखे फेकायचा.

सुरुवातीचे काही सेकंद हेडफोन लावून ऐका. डॉमिनोचा उजवा हात प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे करत जातो, पण घाई कुठेच नाही. त्या संथ हेलकाव्यावर प्राइस जवळजवळ रडवेल्या सुरात शीर्षकाची हाक मारतो, आणि माझ्या मते गाण्याचा सगळा जीव या ओढाताणीत आहे. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत हे गाणं सात आठवडे पहिलं होतं. एल्विसने १९५६ मध्ये गायलेलं चांगलंच आहे, पण तिथे हा हात नाही. आधी डुप्री, मग ‘द फॅट मॅन’, मग हे, अशा क्रमाने ऐका आणि काय वाटलं ते इथे नक्की लिहा.