स्पॅम न पाठवताही आमचा आयपी काळ्या यादीत गेला. हा न्याय कुठला?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) तुमचं छोटं युनिट आहे, परदेशी गिऱ्हाइकांना पाठवलेले कोटेशनचे मेल परत येतायत, तपासलं तर सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, कुठल्याशा काळ्या यादीत (मेल घेऊ नये अशा पत्त्यांच्या यादीत) निघाला. यादीवाले म्हणतात, आठवडाभर थांबा, नाहीतर पैसे भरा, लगेच नाव काढतो. आम्ही कधी स्पॅम पाठवला नाही, मग हा न्याय कुठला, आणि पैसे भरावेत का?

मी बडोद्याचाच. मकरपुरा आणि वाघोडियातल्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर आणि मेल सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. आधी कामाचं सांगतो: पैसे भरू नका. आता न्यायाचं. तुमच्यावर अन्याय झालाय असं मलाही वाटतं, पण असा अन्याय बहुतेक वेळा यादी बनवणाऱ्यापेक्षा ती डोळे मिटून वापरणाऱ्याच्या हातून होतो. लोक सगळा राग यादीवर काढतात आणि खरा जबाबदार माणूस नामानिराळा राहतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितोय.

यादी चालते कशी ते बघा. समजा तुमचा आयपी २०३.०.११३.२५ आहे. तुमचा मेल गिऱ्हाइकाच्या सर्व्हरशी पोचला की तो सर्व्हर हे आकडे उलटे मांडतो, २५.११३.०.२०३, पुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या सूचीला, विचारतो, असा पत्ता आहे का? ‘नाही’ आलं तर तुम्ही यादीत नाही. १२७.०.०.२ सारखं उत्तर आलं तर आहात. त्यातला शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउस या याद्या चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत २ म्हणजे या आयपीचा स्पॅमशी संबंध आहे असा त्यांचा निष्कर्ष. ४ म्हणजे तिथलं यंत्र कुणीतरी काबीज केलेलं दिसतंय. १० किंवा ११ म्हणजे हा घरगुती जोडणीसारखा आयपी आहे, इथून थेट मेल निघणं अपेक्षित नाही. या शेवटच्या प्रकारात कसला आरोपही नाही. देवाणघेवाण एवढीच. यादीने तुमचा मेल पाहिलेला नसतो, अडवलेला नसतो. ५५० चा, म्हणजे ‘मेल नाकारला’ असा, शेरा मारून तो परत पाठवतो तो गिऱ्हाइकाचा सर्व्हर.

आपल्या सर्व्हरवर कुणाचा मेल घ्यायचा आणि कुणाचा नाही हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. जगातला निम्म्याच्या आसपास मेल स्पॅम असतो. पाठवणाऱ्याला तो जवळजवळ फुकट पडतो. जागा, वीज, माणसाचा वेळ हे सगळं घेणाऱ्याच्या खिशातून जातं. नव्वदच्या दशकात कितीतरी सर्व्हर कुणाचाही मेल कुणालाही पोचवून द्यायचे आणि स्पॅमवाले त्याचा सर्रास फायदा घ्यायचे. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅप्स’ या आपल्या संस्थेची पहिली यादी सुरू केली, ती या त्रासातून. १९९८ मध्ये लंडनला स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस काढलं. कायदा तेव्हा जवळजवळ नव्हताच, आणि आला तोही देशागणिक निराळा. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात न विचारता जाहिरात पाठवायला मुभा आहे, फक्त ‘नको’ म्हणायची सोय द्यावी लागते. युरोपात सर्वसाधारणपणे आधी परवानगी लागते. आपल्याकडे ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) २०१८ चा नियम फोन आणि एसएमएसपुरता आहे, ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदाच नाही. म्हणजे बडोद्यात बसून कुणी रोज लाखभर मेल ओतले तर त्याला आवरणार कोण? व्यवहारात या याद्याच.

यादीवाले लपूनछपून का राहतात, हेही लोक विचारतात. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसचे सर्व्हर बंद पाडण्यासाठी डेटाच्या लोंढ्याचा जो हल्ला झाला तो सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिट इतका होता, तोवरच्या सगळ्यांत मोठ्या हल्ल्यांपैकी एक. स्पॅममध्ये गुंतलेला पैसा आणि त्यातली माणसं पाहता, या कामातल्या लोकांनी आपली नावं झाकून ठेवली तर मी त्यांना दोष देणार नाही. पण माणसाचं नाव झाकणं वेगळं आणि नियम झाकणं वेगळं. २००० नंतरच्या काही वर्षांत ‘स्पूज’ नावाची यादी होती. चालवणारे अज्ञात, संपर्काचा पत्ता नाही, आणि एखादी इंटरनेट कंपनी स्पॅमवाल्या गिऱ्हाइकाला काढत नसेल तर तिचे आजूबाजूचे आयपीही यादीत जायचे. कंपनीवर दबाव यावा म्हणून मुद्दाम, निरपराध शेजाऱ्यांसकट. आजही काही याद्या अख्ख्या कंपनीचं जाळं एका फटक्यात यादीत टाकतात. एका भाडेकरूने मेंटेनन्स थकवला म्हणून सगळ्या बिल्डिंगचं पाणी तोडायचं, असा हा प्रकार आहे आणि मला तो मान्य नाही. दबाव आणायचा तर ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्यावर आणावा. मकरपुऱ्यातला छोटा कारखानदार एवढ्या मोठ्या कंपनीला काय हलवणार?

आता जवळून पाहिलेलं एक प्रकरण. गॅस्केट बनवणारं एक युनिट, मालक मराठी, आखाती देशातल्या एका कंपनीच्या टेंडरला कोटेशन पाठवत होते. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मेल परत. ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंना वाटलं आपलाच पासवर्ड चोरीला गेला; त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलले, मग कॉम्प्युटर फॉरमॅट करायला माणूस बोलावला. मी परत आलेल्या मेलच्या तळाची इंग्रजी ओळ वाचली तेव्हा कळलं, भानगड ऑफिसात नव्हतीच. त्यांचा मेल स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर होता, म्हणजे एकाच आयपीवर शेकड्याने वेबसाइट. त्यातली कुणा तिऱ्हाइताची जुनी, अपडेट न केलेली वर्डप्रेस साइट फोडून कुणीतरी रात्रभर बँकेच्या नावाचे खोटे मेल सोडले होते. यादीने तो आयपी नोंदवला, त्यात तिचं काय चुकलं? तिथून फसवणुकीचे मेल खरंच निघत होते, आणि ते अडल्यामुळे कुणाचे तरी पैसे वाचले असतील. होस्टिंगवाल्यांनी तक्रारीला दिवसेंदिवस उत्तर दिलं नाही, हा पहिला दोष. दुसरा, आणि माझ्या मते मोठा, टेंडर काढणाऱ्या कंपनीचा. एका यादीच्या एका उत्तरावर त्यांनी मेल सरसकट नाकारला, आणि पोस्टमास्टरच्या पत्त्यावर (मेलच्या अडचणी कळवण्यासाठी असतो तो) कळवायला गेलो तर तोही मेल त्याच कारणाने परत. तो पत्ता चालू ठेवणं मेलच्या मूळ नियमांतच बंधनकारक आहे. शेवटी जीमेलवरून कोटेशन गेलं.

हा निष्काळजीपणा किती खोल आहे याचं उदाहरण ‘ओआरडीबी’ नावाच्या यादीचं. ती डिसेंबर २००६ मध्ये जाहीरपणे बंद झाली. तरी हजारो सर्व्हर तिला विचारतच राहिले. सव्वा वर्षाने, मार्च २००८ मध्ये, कंटाळून की काय, तिथून प्रत्येक प्रश्नाला ‘हो, यादीत आहे’ असं उत्तर यायला लागलं आणि त्या सर्व्हरांवर सगळ्या जगाचा मेल नाकारला गेला. बंद पडलेली यादी सेटिंगमधून काढायला कुणाला वेळ झाला नव्हता! आजचा प्रकारही तसाच. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ ‘तुमची विचारण्याची पद्धत चुकतेय’ एवढाच. पण ज्याने सर्व्हर ‘१२७ ने सुरू होणारं काहीही आलं की नाकार’ असा लावलाय, तो भल्याभल्यांचे मेल परत पाठवतो आणि वर ‘तुम्ही काळ्या यादीत आहात’ असं सुनावतो.

कोर्टात जाण्याचा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर ई-३६० इनसाइट या अमेरिकन कंपनीची केस ऐकून ठेवा. आपलं नाव यादीत टाकलं म्हणून तिने स्पॅमहाउसवर दावा लावला. स्पॅमहाउसने पुढे बाजूच मांडली नाही, म्हणून २००६ मध्ये एकतर्फी निकालात १.१७ कोटी डॉलरची भरपाई ठरली. अपिलात ती रक्कम टिकली नाही, २०१० मध्ये २७,००२ डॉलर झाली आणि २०११ मध्ये ३ डॉलर. हा यादीचा विजय म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. नुकसान सिद्ध करता आलं नाही म्हणून रक्कम घसरली. नाव यादीत टाकणं योग्य होतं का, यात कोर्ट शिरलंच नाही.

पैशांचं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांतून येतात, त्यातला ६४७१ क्रमांकाचा, जानेवारी २०१२ चा, अशा याद्या कशा चालवाव्यात यावरच आहे. यादी वापरणाऱ्याकडून फी घ्यायला त्यात हरकत नाही. पण नाव काढण्यासाठी पैसे किंवा देणगी मागणं हे खंडणीच्या अगदी जवळ जातं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. कारणही उघड आहे. नाव काढून कमाई होत असेल तर जास्तीत जास्त नावं टाकण्यातच फायदा. यादीवर विश्वास ठेवावा तो ती निःस्वार्थ मत देते म्हणून, आणि तो पायाच इथे उखडतो. व्यवहाराचंही बघा: अशा याद्यांवर मोठे मेलवाले सहसा मेल नाकारत नाहीत, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा नाव येईल.

तुम्ही ‘कधीच स्पॅम पाठवला नाही’ म्हणता त्यावर मी अविश्वास दाखवत नाही, पण ऑफिसात एकदा विचारा. प्रदर्शनातून मिळालेली व्हिजिटरांची एक्सेल फाइल सेल्सवाल्या मुलाने एका झटक्यात सगळ्यांना कॅटलॉग पाठवायला वापरली नाही ना? आपल्याला त्यात गैर वाटत नाही, कारण माल खरा आणि भाषा सभ्य. पण स्पॅम ठरतो तो मजकुरावरून नाही. त्यांनी मागितलेलं नव्हतं आणि घाऊक पाठवलं, एवढं पुरतं.

मी ज्यांचे सर्व्हर बघतो तिथे यादीच्या उत्तराला फक्त गुण देतो. स्पॅमहाउसचा २ किंवा ४ असेल तर भरपूर, अख्ख्या जाळ्याला धरणाऱ्या यादीचा जवळजवळ शून्य. बेरीज हद्दीबाहेर गेली तरच नकार, आणि नकारात यादीचं नाव, कारण आणि एक फोन नंबर. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर कुठलीही यादी लावत नाही. थोडं जास्त काम पडतं, थोडा जास्त स्पॅम आत येतो, मालक कधी कुरकुरतात. दुसऱ्याचा मेल नाकारायचा अधिकार वापरायचा तर एवढं करायलाच हवं.

तुम्ही आता हे करा. परत आलेल्या मेलमधली ५५० ची ओळ आणि यादीचं नाव शोधा. आयपी एकट्या तुमचा आहे की शेअर्ड, ते होस्टिंगवाल्यांना लेखी विचारा. शेअर्ड असेल आणि ते हलत नसतील तर स्वतंत्र आयपी घ्या किंवा दुसरीकडे जा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पडताळण्याच्या तीन सोयी) लावलेत का ते तपासा; फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू घाऊक पाठवणाऱ्यांकडून तिन्ही मागतात, तुम्हीही लावून टाका. आणि गिऱ्हाइकाला फोन करून त्यांच्या आयटीवाल्याशी बोलायचंय असं सांगा. ती ओळ त्याला वाचून दाखवा आणि विचारा, ही यादी का निवडली, तिचे नियम वाचलेत का. बऱ्याचदा ती आधीच्या माणसाने लावलेली असते, याला माहीतही नसतं, आणि कळल्यावर तो काढून टाकतो. तोवर कोटेशन जीमेलवरून जाऊ द्या. ती ५५० ची ओळ इथे खाली टाकलीत, स्वतःचे पत्ते खोडून, तर कुठली यादी आणि कुठलं कारण ते बघून सांगतो.